पिवळ्या पट्टीपलीकडची नेवेना

२६ फेब्रुवारी २०२१, शुक्रवार, हिसार्या

आलो एकदाचे. जुन्या विश्रामगृहाचं भाड्याने घेतलेलं हॉस्पिटल आहे. दारातच नाकात काडी, कपाळावर तापमापक, बूट पिशवीत. सिस्टर गेर्गिना म्हणून एक ठेंगणी बाई आहे. तिने मास्क कसा लावायचा ते मला तीनदा शिकवलं. मी तीस वर्षं बस चालवतो. प्लोव्हदिव्हहून माणसं भरून ग्रीसच्या समुद्रावर नेतो आणि सगळी जिवंत परत आणतो. आता ही मला श्वास घ्यायला शिकवणार.

"पानोभाऊ, नाक आत. नाक बाहेर ठेवून मास्क लावणं म्हणजे दार उघडं टाकून कुलूप लावणं," म्हणाली.

नाकात मारायच्या एका नव्या औषधाची चाचणी आहे. निम्म्यांना औषध, निम्म्यांना मिठाचं पाणी, आणि कुणाला काय ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. निरोगी माणसं हवी होती. नेवेनाने स्वतःहून नाव दिलं. तिची आई डिसेंबरमध्ये या साथीत गेली, तेव्हापासून हिच्या डोक्यात एकच, आपल्या हातून काहीतरी झालं पाहिजे. बालवाडीतल्या स्वयंपाकघरातून रजा काढून आली आहे. मी म्हटलं, दोन आठवडे एकटी, परक्या पुरुषांच्यात? म्हणून मीही नाव दिलं. माझी बस नाहीतरी वर्षभर डेपोतच उभी आहे.

आणि इथे येऊन बघतो तर काय, नवरा-बायकोला वेगळ्या खोल्या! डॉक्टर स्तोइमेनोवा म्हणाल्या, "तुमचं एकमेकांना लागलं तर आम्हाला काय कळणार? इथे आलात की प्रत्येक जण सुटा." एकमेकांच्या खोलीत जायचं नाही. जेवण खोलीत. दुपारी अंगणात फेऱ्या मारायच्या, त्याही दोन मीटर सोडून. टीव्हीवाल्यांनी फुगवलेल्या सर्दीसाठी हा सगळा तमाशा.

घरीही मी गेले काही महिने बाहेरच्या सोफ्यावरच झोपतो म्हणा. नेवेना रात्रभर कूस बदलत असते, तिला मोकळी जागा मिळावी म्हणून. पण ते आपल्या मर्जीने असतं.

२७ फेब्रुवारी, शनिवार

इमारत काटकोनात वळलेली. माझी खोली एका हाताला, नेवेनाची दुसऱ्या. मला माझ्या बाल्कनीतून तिची बाल्कनी स्वच्छ दिसते, ऐकू मात्र काही येत नाही. तिकडची बाल्कनी सलग लांब आहे, खोली-खोलीमध्ये जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवली आहे. पट्टीपासून एकेक मीटर मागे खुर्ची ठेवायची.

तिच्या शेजारच्या खोलीत एक पुरुष आहे.

सिस्टरला सहज विचारल्यासारखं विचारलं. नाव यासेन. प्लोव्हदिव्हच्या रस्त्यांवरची झाडं छाटतो, नगरपालिकेचा माणूस. पन्नाशीचा, पण शिडीवर चढून चढून अंग कसं, दोरीसारखं. बायको नोव्हेंबरात गेली म्हणे. याच आजाराने. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण विधुर माणूस म्हटला की जरा लक्ष ठेवावं लागतं.

सकाळी अर्धा तास दोघं बोलत होते. बोलत तो कमी होता, नेवेनाच जास्त. घरी हिच्या तोंडून चार शब्द निघत नाहीत, आणि इथे दुसऱ्याच दिवशी हात हलवून हलवून काय सांगायचं असतं एवढं?

दुपारी अंगणात भेटली. गरम झऱ्याच्या पाण्याचा नळ आहे, त्याच्याशी थांबून म्हणाली, "आईला हे कोमट पाणी आवडलं असतं. तिच्या गुडघ्यांना बरं वाटायचं."

मी म्हटलं, "तो शेजारचा काय म्हणत होता?"

"कोण? यासेन? काही नाही. ऐकत होता."

ऐकत होता! हे असे ऐकणारेच डेंजर.

१ मार्च, सोमवार

आज वर्ष सुखाचं जावं म्हणून एकमेकांच्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधायचा दिवस. माझ्या जन्मात हा दिवस दोऱ्यावाचून गेला नाही. सिस्टरने सगळ्यांना बजावलं, मनगटावर दोरा चालणार नाही, ओला राहतो, हात नीट धुतले जात नाहीत. खालच्या मजल्यावरच्या एका आजींनी तर रडून गोंधळ घातला. "ऐंशी वर्षं बांधतेय, अजून मेले नाही!" सिस्टर म्हणाली, "आजी, कोपराच्या वर बांधा, तिथे मी बघत नाही." झाला निकाल.

मी नियम पाळला. नेवेनासाठी दोरा आणायचं मुळात माझ्या लक्षातच नव्हतं, पण आणला असता तरी नियम तो नियम.

आणि त्या झाडतोड्याने काय करावं? स्वतःच्या बाल्कनीच्या कठड्याला, अगदी तिच्या समोर येईल असा, हा एवढा लाल-पांढरा गोंडा बांधला. आणि ओरडून सांगितलं, मला इथवर ऐकू आलं, "नेवेना, हा तुमचा! पण राहणार माझ्याकडे, माझा नाइलाज आहे!"

नेवेना हसली. मास्क होता, पण बावीस वर्षं संसार केलेल्या बायकोचे खांदे हसताना कसे हलतात ते मला कळतं. डिसेंबरपासून ते खांदे हललेले मी पाहिले नव्हते. आनंद व्हायला हवा होता. दुपारचं बीनचं सूप तसंच परत पाठवलं.

२ मार्च, मंगळवार

आज फोनवर एका मुलीने मुलाखत घेतली. या लोकांना आमच्या रक्ताशिवाय आमची मतंही हवी असतात. संसर्ग रोखायचे नियम तुम्हाला जाचक वाटतात का, एक ते पाचमध्ये सांगा. आलो त्या दिवशी मी ठणकावून पाच सांगितलं होतं, वर हेही सांगितलं होतं की मी हे फक्त बायकोसाठी सहन करतोय.

आज म्हटलं, "एक. उलट नियम कमी पडतायत."

पोरीने आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला. मग विचारलं, "मत बदलायचं काही कारण?"

"बाल्कन्या," मी म्हटलं. "बाल्कन्यांकडे तुमचं अजिबात लक्ष नाही. पट्टी कसली चिकटवता, चांगली काच उभी करा छतापर्यंत. हवा इकडची तिकडे जाते, तिकडची इकडे येते. माणसं बोलतात तेव्हा थुंकी उडते. काही माणसं फार बोलतात."

तिने ते लिहून घेतलं. म्हणाली, इतका जागरूक स्वयंसेवक तिला पहिल्यांदाच भेटला. मला जरा बरं वाटलं. शेवटी नियम सगळ्यांच्या भल्यासाठीच असतात.

दुपारी मी स्वतः पावलांनी अंतर मोजून नेवेनापासून दोन मीटरवर चाललो आणि यासेन मागून येत होता त्याला सांगितलं, "भाऊ, अंतर ठेवा." तो म्हणाला, "ठेवलंय की." मी म्हटलं, "आणखी ठेवा."

नेवेना माझ्याकडे बघत म्हणाली, "पानो, परवापर्यंत तू मास्क कपाळावर लावून फिरत होतास."

"माणूस शिकतो," मी म्हटलं.

"डिसेंबरमध्ये फार पटकन शिकला होतास," ती म्हणाली आणि पुढे निघून गेली. हिचं हल्ली काय बोलणं असतं ते मला कळत नाही.

४ मार्च, गुरुवार

आज हद्द झाली.

दुपारी बघतो तर दोघं सूर्यफुलाच्या बिया खात बसलेले! बिया खायच्या म्हणजे मास्क काढणं आलंच. पाकीट एकच. त्याने चार बिया घेतल्या की पाकीट पट्टीवर ठेवायचा आणि मागे जाऊन बसायचा. मग ती उठून घ्यायची. मग पुन्हा तो. असं चाललेलं, किती वेळ कोण जाणे. टरफलं पुडीत गोळा करत होते, दोघांची एकाच पुडीत. माझ्याबरोबर सिनेमाला आली की ही बिया खात नाही, दातात अडकतात म्हणते.

मी खाली जाऊन सिस्टर गेर्गिनाला सांगितलं. तिने डॉक्टरांना बोलावलं.

"किती अंतर होतं?" डॉक्टर स्तोइमेनोवांनी विचारलं.

मला खरं सांगायचं होतं. पण खरं सांगून काय झालं असतं? पाकीट जप्त झालं असतं, बस. मला तो तिथून हलायला हवा होता. घरी पाठवतील असं वाटलं. म्हणून म्हटलं, "अंतर कसलं! गुडघ्याला गुडघा. मास्क गळ्यात. अर्धा तास तरी."

"नक्की?"

"माझीच बायको आहे डॉक्टर, तिच्याबद्दल मी उगीच कशाला सांगेन? काळजी वाटते म्हणून आलो."

डॉक्टरांनी मान हलवली. हा माणूस जबाबदार आहे, असं सिस्टरला म्हणाल्या. रात्री मी जेवण चाटूनपुसून खाल्लं.

५ मार्च, शुक्रवार

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझ्यासारखा गाढव अख्ख्या बल्गेरियात नसेल.

त्याला घरी पाठवलं नाही. दोघांना मागच्या इमारतीत हलवलं. दोघांना! मिळून!

मी धावत डॉक्टरांकडे गेलो. म्हटलं, "हे काय? त्यांना वेगळं करायचं की एकत्र घालायचं?"

डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "दोघांनी एकच पाकीट हाताळलं हे त्यांनीही कबूल केलं. बाकीचं ते नाही म्हणतात, पण तक्रार आली की आम्ही ती खरी धरूनच चालतो, इथे भांडणं मिटवायला वेळ नाही. आता त्या दोघांपासून बाकीच्यांना जपायचं. त्यांना एकमेकांपासून जपण्यात काय अर्थ? एकाला असेल तर दुसऱ्याला लागलंच असेल."

"मग तिथे ते..."

"खोल्या दोन आहेत. जेवायचं टेबल एक. मास्कची तिथे सक्ती नाही. औषध चालूच राहील, काळजी करू नका, तुमच्या पत्नीची चाचणी वाया जाणार नाही. तुम्ही वेळेवर सांगितलंत म्हणून बरं झालं."

मी स्वतःच्या हाताने बायकोला परक्या माणसाच्या टेबलावर नेऊन बसवलं, आणि वर आभारही मिळवले.

जाताना नेवेनाने बॅग उचलली, अंगणाच्या मधोमध थांबली आणि वर माझ्या बाल्कनीकडे बघितलं. हात केला नाही. मी आत सरकलो.

७ मार्च, रविवार

मागच्या इमारतीचं जेवणघर माझ्या जिन्याच्या खिडकीतून दिसतं. मोठी काच आहे. कालपासून माझी जागा तिथेच. सिस्टर म्हणाली, "पानोभाऊ, जिना राखायला ठेवलंय का तुम्हाला?" मी म्हटलं, पायांना व्यायाम.

काय बघायला लागलं ते लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

काल त्यांनी टेबल मांडलं. तो पाव कापतो, ती सूप वाढते. मला वाटलं होतं हसणं-खिदळणं चालेल. तसं काही नाही. पण त्याने पावाचा कडेचा कडक तुकडा तिच्यापुढे ठेवला. नेवेनाला कडेचा तुकडा आवडतो हे त्याला कसं कळलं? विचारलं असणार. मला ते कळायला लग्नानंतर किती वर्षं लागली, आणि कळल्यावरही तो मीच खातो.

आज दुपारी जेवता जेवता नेवेना बोलायला लागली आणि मध्येच थांबली. तोंडावर हात धरला. रडत होती. मला वाटलं आता हा उठणार, हिला जवळ घेणार. मी खिडकीची कड घट्ट धरली. घेतलं असतं जवळ तर मी काच फोडून आत गेलो असतो, शपथेवर सांगतो.

तो उठला नाही. त्याने हातातला काटा खाली ठेवला. तोंडातला घास गिळला, आणि हात मांडीवर घेऊन नुसता बसून राहिला. तिचं होईपर्यंत. जेवण निवलं. मग ती काहीतरी म्हणाली, त्याने मान हलवली, आणि दोघं पुन्हा जेवायला लागले.

एवढंच. त्याने तिला बोटही लावलं नाही. मग मला एवढी जळजळ का व्हावी? मिठी मारली असती तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. आता कशाला घालू, काटा खाली ठेवला म्हणून?

नेवेना घरी अशी जेवताना रडली की मी काय करतो ते आठवून बघितलं. मी टीव्हीचा आवाज वाढवतो. तिला मोकळं वाटावं म्हणून, लाज वाटू नये म्हणून. मला तरी असंच वाटत होतं.

ती घरी परत आली नाही तर? हा विचार आज पहिल्यांदा सरळ माझ्यासमोर येऊन बसला. चौदा दिवस संपतील, बसस्टँडवर ती म्हणेल, पानो, तू जा पुढे. आणि मी काय म्हणणार?

८ मार्च, सोमवार

बायकांचा दिवस. स्वयंपाकघराने प्रत्येकीच्या ताटात एक कागदी फूल ठेवलं, खरी फुलं आत आणायला बंदी आहे. मी ठरवलं, आज काही झालं तरी त्या टेबलावर तिसरी खुर्ची माझी.

डॉक्टरांकडे गेलो. म्हटलं, "मला कबुली द्यायची आहे. गुरुवारी सकाळी जिन्यात मी नेवेनाला मिठी मारली. मुकाही घेतला. मास्कशिवाय. म्हणजे तुमच्या हिशेबाने मलाही लागलं असणार. मलाही मागे टाका."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुम्ही? अंतराची पट्टी घेऊन फिरणारे तुम्ही?"

"नवरा आहे. राहवलं नाही."

"तसं असेल तर टाकावंच लागेल. पण तिला विचारते."

मला घेऊनच गेल्या. मागच्या इमारतीच्या काचेच्या दाराशी फोन लावलाय, आतल्या माणसाशी त्यावरून बोलायचं. नेवेना आली. केस धुतलेले, ओले होते. मागे टेबलाशी यासेन संत्रं सोलत होता, त्याने एकदा वर बघितलं आणि पाठ करून बसला. डॉक्टरांनी फोनचा आवाज मोठा केला, मला सगळं ऐकू येत होतं.

"नेवेना, तुमचे यजमान म्हणतात, गुरुवारी जिन्यात त्यांनी तुम्हाला मिठी मारली. खरं आहे का? खरं असेल तर त्यांना तुमच्याबरोबर ठेवू."

मी डॉक्टरांच्या मागून मान डावी-उजवी, डावी-उजवी हलवत होतो, आमच्याकडे 'हो' म्हणताना हलवतात तशी. हो म्हण. बाई, हो म्हण. मान मोडेस्तोवर हलवली.

नेवेनाने माझ्याकडे बघितलं. मग हनुवटी वर उचलली आणि जिभेने टक् केलं. नाही.

"नक्की? रागावून सांगू नका, हे आम्हाला नोंदवावं लागतं. मग शेवटचा जवळून संपर्क कधी? मिठी, हात धरणं, काहीही."

नेवेना विचार करायला लागली. खरंच विचार करत होती. मला वाटलं, काहीतरी सापडेल तिला.

"डिसेंबरात," ती म्हणाली. "आईला न्यायला ॲम्ब्युलन्स आली तेव्हा. ॲम्ब्युलन्स निघून गेल्यावर मी त्याला मिठी मारायला गेले होते. तो मागे सरकला. म्हणाला, लांब राहा, तू तिच्याजवळ बसली होतीस." मग जरा थांबून म्हणाली, "म्हणजे तेव्हाही नाहीच. त्याच्या आधीचं मला आठवत नाही, डॉक्टर."

तिचा आवाज अगदी साधा होता. आज काय खाल्लं ते सांगावं तसा.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. माझ्याकडे वळल्या, माझं पूर्ण नाव घेतलं. त्या बिचाऱ्या मला धीर द्यायलाच म्हणाल्या असतील.

"मग चिंता नाही, पानायोत. तुम्हा दोघांचा एकमेकांना काहीच संसर्ग नाही."

मी म्हटलं, "ते गुडघ्याला गुडघाही खोटं होतं. ती तिच्या जागी बसली होती, तो त्याच्या. मीच खोटं सांगितलं."

फोन चालूच होता. आत नेवेनाने ऐकलं. यासेनने ऐकलं. डॉक्टर काय बोलल्या ते मला नीट आठवत नाही. अशा माणसांमुळे चाचण्या बुडतात, असं काहीतरी होतं. खरंच होतं ते.

१० मार्च, बुधवार

नेवेना काल पुन्हा आपल्या खोलीत आली. मला काढून टाकणार होते, पण तपासण्या स्वच्छ आहेत आणि माणसं कमी आहेत, म्हणून ठेवलंय. सिस्टर गेर्गिना आता मला पानोभाऊ म्हणत नाही. नुसतं खोली नंबर म्हणते.

काल ती अंगणात आली नाही. आज आली. यासेनही होता, तो लांबच्या टोकाला लिंडनची झाडं बघत उभा राहिला, कशी चुकीची छाटलीयत ते. त्याचा राग अजून येतो मला. त्याच्या पाठीचासुद्धा येतो. तिच्या आईबद्दल त्याला जे माहीत आहे ते मला माहीत नाही, आणि ते मला कुणी चोरून ठेवलं नव्हतं, घरात माझ्यासमोर पडलेलं होतं.

मी दोन मीटरवर उभा राहिलो. बरंच काही ठरवून आलो होतो, त्यातलं काही आठवेना.

"नेवेना, मी घाबरलो होतो," मी म्हटलं. "तेव्हा. मला वाटलं, तुझ्याकडून मला लागेल. आणि मी मरेन."

तिने मास्क नाकावर नीट ओढून घेतला.

"मलाही भीती वाटत होती, पानो," ती म्हणाली. "तुझ्याहून जास्त. तरी मी आईचा हात सोडला नाही. मग तुझ्याकडे आले, तर तू भिंतीला चिकटलास."

"हो."

"आता हे इथे दोन मीटर आहेत ते बरंय. इथे नियम आहे. घरी कुठे नियम होता?"

मी तिला विचारलं, शेवटी आई काय बोलली? हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"यासेनला सांगितलंय," ती म्हणाली. "दोनदा सांगायची आता ताकद नाही. घरी गेल्यावर बघू."

आणि ती आत गेली. मी तिथेच उभा होतो. थंडी होती, सिस्टर ओरडेपर्यंत मला कळलं नाही. ती "घरी" म्हणाली हे मी धरून बसलो आहे. "बघू" म्हणाली, तेही.